फोंड्यातल्या छोट्या हॉलसाठी 3 इंची की 4 इंची पॉवर्ड (अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेले) स्पीकर?

10 बाय 12 च्या खोलीत नाट्यगीतं आणि अभिषेकीबुवा ऐकायचे आहेत, शिवाय टीव्हीही जोडायचा आहे म्हणता, तर 4 इंचीच घ्या. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा 3 इंची वूफरला (खर्जाचा आवाज काढणाऱ्या मोठ्या पडद्याला) नीट पेलत नाही. एडिफायर आर1280डीबी बघा: 42 वॅट आरएमएस (म्हणजे सलग मिळणारी ताकद), ब्लूटूथ आणि टीव्हीसाठी ऑप्टिकल इनपुट. मुख्य म्हणजे पोर्ट, म्हणजे खर्जाची हवा बाहेर सोडणारं भोक, पुढे आहे. मागे पोर्ट असलेले स्पीकर भिंतीला चिकटवले की खर्ज फुगतो आणि गाणाऱ्याचा आवाज त्याखाली दबतो. छोट्या हॉलमध्ये भिंतीपासून लांब ठेवायला जागा कुठली? वॅटचे आकडे फार मनावर घेऊ नका, 'पीएमपीओ'चे, म्हणजे जाहिरातीतल्या फुगवलेल्या क्षणिक ताकदीचे, तर अजिबातच नाहीत.

ट्वीटर (बारीक, वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) आपण बसल्यावर कानाच्या उंचीला आला पाहिजे. टीव्हीखालच्या बुटक्या कपाटावर ठेवणार असाल तर स्पीकर थोडे वर तिरके करा, फरक लगेच कळेल.

आपल्याकडचा पावसाळा लक्षात ठेवा. खिडकीजवळ ठेवू नका, जाळीच्या कापडाला बुरशी धरते. गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. आणि गायिका केसरबाई केरकरांच्या जुन्या 78 आरपीएमच्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकड्यांत खर्ज मुळातच कमी आहे, त्यासाठी सबवूफर घेऊ नका.