पोपटी अर्धी कच्ची, अर्धी करपलेली का निघते

प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी दोन कुटुंबं अलिबागजवळच्या वाडीत उतरणार. चार मोठी माणसं, पाच ते चौदा वयाची चार मुलं, आजी-आजोबा, म्हणजे दहा जण. सगळ्यांना मिळून काय करता येईल? आणि मागच्या वर्षी लावलेल्या पोपटीत, म्हणजे वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी पाल्यासकट मडक्यात भरून आगीत भाजतात त्यात, शेंगा करपल्या, बटाटे कच्चे राहिले, ते कशामुळे?

दोन्हीचं उत्तर एकच आहे. शनिवार दुपारनंतरचा सगळा वेळ पोपटीला द्या. त्याच दिवशी किल्ला, समुद्र, खरेदी असं सगळं कोंबलंत की मडकं रात्री साडेआठला बॅटरीच्या उजेडात भरलं जातं, आणि पोपटी बिघडते ती बहुतेक वेळा भरतानाच.

तुमच्या बटाट्यांचं कोडं सोपं आहे. मडकं भरतो सुलटं, पण आगीत ठेवतो उलटं, तोंड जमिनीकडे करून. भरताना जे सगळ्यात वर, ते भाजताना सगळ्यात खाली जातं, आणि जमिनीला टेकलेल्या त्या तोंडाशी आच सगळ्यात कमी पोचते. बटाटे शेवटी टाकले असणार. शिजायला सगळ्यात वेळ घेणारी वस्तू तुम्ही सगळ्यात थंड जागी ठेवलीत. उलटं ठेवायचं कारणही हेच समजून घ्या. आत पाण्याचा थेंब घालत नाहीत. शेंगा आणि पाला यांच्या ओलाव्याची वाफ होते, ती वर चढते आणि बुडाशी कोंडली जाते. म्हणून उलट्या मडक्याचा वरचा भाग आधी शिजतो.

सामान दहा जणांना पुरेल असं: भरलेल्या वालाच्या शेंगा ३ किलो, लहान बटाटे दीड किलो, रताळी अर्धा किलो, अंडी १२, जाडं मीठ १०० ग्रॅम, ओवा पाव वाटी, आणि भांबुर्डीचा पाला एक भरगच्च पिशवी. मडकं १५ लिटरच्या आसपास. यापेक्षा मोठं घेऊ नका, मध्यापर्यंत धग पोचेस्तोवर कडा करपतात. माणसं वाढली तर दुसरं मडकं लावा. शाकाहारी-मांसाहारी असा प्रश्न असेल तर तसंही दोन लागतातच.

शेंगा घेताना चिमटीत दाबून बघा. आतला दाणा हाताला टपोरा लागला पाहिजे, पण साल हिरवी हवी. पिवळी पडलेली शेंग जून असते, कितीही भाजली तरी दाणा पिठूळ लागतो. आमच्या रायगडात भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल येतो, त्यामुळे डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा पोपटीचा खरा हंगाम. शेंगा न सोलता, धुवून चाळणीत पूर्ण निथळू द्या. ओल्याच टाकल्या तर मीठ खाली ओघळतं आणि भाजल्याऐवजी उकडल्याची चव येते. कच्चा वाल मुलांना खाऊ देऊ नका, पोटाला बाधतो.

पाला हा पोपटीचा अर्धा जीव. भांबुर्डी शेताच्या बांधावर, पडीक जागेत, रस्त्याकडेला उगवते. पान मऊ, लवदार, चुरगळलं की उग्र वास येतो. ओळखणारं माणूस बरोबर नसेल तर वाडीच्या मालकांकडून किंवा बाजारात शेंगा विकणाऱ्या मावशींकडून मागून घ्या, अंदाजाने तोडू नका. त्याच जागांवर गाजरगवत आणि घाणेरीही माजलेली असते. गाजरगवताने अंगाला खाज सुटते आणि घाणेरी विषारी आहे. पाला मिळालाच नाही तर केळीची पानं लावा. वास तो येणार नाही, पण पोपटी होते. पेट्रोल पंपाजवळचा किंवा महामार्गाच्या धुरळ्यातला पाला कितीही हिरवागार दिसला तरी सोडा.

मडकं कोरडं हवं. टिचकी मारा: खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. रंगवलेलं, चकाकी दिलेलं मडकं नको. कालपर्यंत पाणी भरलेला माठही नको, कारण मातीत मुरलेल्या पाण्याची आगीत एकदम वाफ होते आणि तो तडकतो. तोच वापरायचा तर आठवडाभर उन्हात वाळवा.

आता भरणं. बुडाशी दोन बोटं जाड पाला, आणि बाजूंनाही पाल्याचं अस्तर. तुमच्या शेंगा करपल्या त्या बहुधा मडक्याच्या भिंतीला थेट चिकटलेल्या होत्या. पाल्यावर लगेच बटाटे आणि रताळ्याचे तुकडे. बटाटा लिंबाएवढा असेल तर अख्खा, मोठा असेल तर मधोमध चीर देऊन थोडं मीठ भरून. त्यावर निम्म्या शेंगा, मूठभर मीठ-ओवा. मग पाल्याचा पातळ थर आणि मधोमध अंडी, भिंतीपासून दूर. भिंतीला लागलेलं अंडं फुटतं. फ्रिजमधली थेट टाकू नका, दुपारीच बाहेर काढून ठेवा. उरलेल्या शेंगा, उरलेलं मीठ-ओवा, आणि शेवटी तोंडाशी पाल्याचा बोळा, चार बोटं जाड, मुठीने दाबून दाबून. मडकं उलटं केल्यावर बोळा हलला तर तो सैल आहे. सैल बोळ्यातून वाफ निसटते आणि मग आतलं नुसतं सुकतं.

चिकन घालणार असाल तर अंड्याएवढे तुकडे, आलं-लसूण, हिरवी मिरची, हळद, लिंबू लावून तीन-चार तास मुरवलेले. ते बर्फावर किंवा फ्रिजमध्येच मुरवा. केळीचं पान जाळावर फिरवून मऊ करा, पुडी बांधा, आणि ती बटाट्यांच्या लगेच वर ठेवा, तोंडाकडे नाही. काढल्यावर हाडाजवळ लालसर दिसलं तर वाद न घालता पातेल्यात घालून गॅसवर शिजवा. मुलांच्या पानात शंका वाढू नये.

जागा निवडताना वर झाडाची फांदी नको, आजूबाजूला वाळलं गवत नको, आणि फरशी किंवा कोबा तर नकोच, तापून तडकतो. मडकं मातीवर उलटं टेकवा. जळण म्हणून सुकी लाकडं आठ-दहा किलो, दहा-बारा शेणी, आणि पेटवणाला भाताच्या दोन पेंढ्या. नुसता पेंढा आणि पाचोळा जाळणं ही दुसरी मोठी चूक: जाळ मोठा दिसतो, पाच मिनिटांत विझतो, बाहेरून काळं आणि आतून गार. मडक्याला शेणी टेकवून गोल रचा, बाहेरून लाकडं उभी लावा, फटीत पेंढा खोचा आणि चारही बाजूंनी एकदम पेटवा. वारा असेल तर वाऱ्याच्या बाजूला आडोसा करा, नाहीतर एकच कूस भाजते.

पहिली पंधरा मिनिटं चांगला जाळ, मग निखाऱ्यांची धग पंचवीस-तीस मिनिटं. मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडून चुर्र वाजलं की झालं, असं सांगतात. त्यावरून मडकं तापलंय एवढंच कळतं, आतला बटाटा काय म्हणतो ते नाही. घड्याळ बघा, आणि नाक उघडं ठेवा: ओव्याचा आणि भाजल्या शेंगांचा वास पसरू लागला की आणखी दहा मिनिटं थांबा. मध्येच उचलून बघायचा मोह आवरा. काढताना कोरडं जाड गोणपाट घ्या. ओल्यातून चटका लगेच लागतो. सुलटं करून पाच मिनिटं ठेवा, मग बोळा काठीने काढा, आपला चेहरा बाजूला धरून, कारण आतली वाफ भाजते. वर्तमानपत्रावर न ओतता केळीच्या पानांवर ओता.

कामं वयाप्रमाणे वाटली तर कुणाच्या हातात फोन राहत नाही. पाच-सहा वर्षांच्यांनी शेंगांतल्या किडक्या, पिवळ्या वेचून काढायच्या. आठ-दहावाल्यांनी मोठ्यांबरोबर पाला आणायचा. चौदावाल्याकडे लाकडं रचणं आणि घड्याळ. बोळा दाबायचं काम आजीला द्या, हाताला अंदाज असतो. मडक्यापासून सात-आठ फुटांवर राखेने रिंगण आखा. आत फक्त दोन मोठी माणसं, आणि त्यांच्याही अंगात नायलॉनचं जर्किन नको, ठिणगीने वितळून चिकटतं. धुराचा त्रास असणाऱ्यांना वारा जिकडून येतो त्या बाजूला बसवा. पाण्याची बादली जवळ हवीच. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं पाणी, टूथपेस्ट नाही.

निखाऱ्यांच्या त्या अर्ध्या तासात मुलं कंटाळतात. तेव्हा वाडीचे दिवे बंद करा आणि पूर्व-आग्नेयेला वर बघा. जानेवारीत रात्री आठच्या सुमारास मृग चांगलं वर आलेलं असतं. मधल्या तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढवली की व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. वर वाढवली की लालसर रोहिणी आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिका किती दिसतात याची पैज लावा. दुर्बीण असेल तर त्या तीन ताऱ्यांच्या खालचा धूसर ठिपका दाखवा, तो तेजोमेघ आहे. यासाठी अमावस्येच्या आसपासचा शनिवार निवडलात तर उत्तम.

पोपटीबरोबर जेवणाचा घाट घालू नका. कांदा, लिंबू, हिरवी चटणी आणि ताक पुरे. हुरडा याच दिवसांत असतो, पण तो देशावरचा. त्यासाठी वेगळा रविवार काढा.

शेवटी आग विझवताना वर वाळू टाकून निघून जाऊ नका. वाळूखाली निखारे कित्येक तास धगधगत राहतात, वरून काही दिसत नाही, आणि सकाळी मुलं अनवाणी तिथेच खेळायला येतात. बादलीभर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. तळवा जवळ नेऊन ऊब लागली नाही की मगच झोपायला जा.