जुना फोन लगेच रिकामा करू नकोस

नव्या फोनचं मॉडेल निवडताना मेगापिक्सेल मोजू नकोस, अपडेट किती वर्षं मिळणार ते विचार. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ या मालिकांना ७ वर्षांचं आश्वासन आहे. स्वस्त फोनना सहसा बरंच कमी मिळतं.

पण खरी काळजी घ्यायची ती फोन बदलतानाच. सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना हा उद्योग अजिबात नको, सुट्टीचा दिवस धर. सिम नव्या फोनात गेलं की यूपीआय पुन्हा नोंदवावं लागतं. त्यासाठी त्याच सिमवरून एसएमएस जातो, म्हणून रिचार्ज चालू हवा. काही बँका सुरुवातीचे २४ तास रकमेवर मर्यादा घालतात, तेव्हा घरभाडं आधीच भरून टाक आणि रिक्षापुरती रोकड जवळ ठेव. लोकलचा पास मोबाइलवर असेल तर तो नव्या फोनवर उघडतोय याची खात्री झाल्याशिवाय जुन्याला हात लावू नकोस. ओटीपी बनवणाऱ्या अ‍ॅपचंही तसंच. लोक नेमकं तेच विसरतात.

व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप आदल्या रात्री वायफायवर घे. तो गूगलच्या मोफत १५ जीबीत जातो, त्यातच मेल आणि फोटोही येतात, त्यामुळे जागा आधी बघ.

मुंबईच्या मनीष मार्केटमधून वापरलेला फोन घेणार असलास तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक काढ, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपास, मगच पैसे दे. आणि तुझा जुना विकताना आधी गूगल खातं काढ, नंतर रीसेट कर. नाहीतर घेणाऱ्याला तो फोन तुझा पासवर्ड मागत बसेल.