धाबं पाडू की ठेवू?

प्रश्न : अमळनेर तालुक्यात आमचं आजोबांच्या वेळचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर आहे. आता घरकुल मंजूर झालंय. माय म्हणते, ‘हाई घर थंड शे, पाडू नको.’ आर्किटेक्चर शिकणारी पुतणी म्हणते, ‘काका, स्लॅब हासुद्धा राजकीय विचारच आहे.’ स्लॅबचा नि राजकारणाचा काय संबंध? आणि धाब्याचं करू काय?

उत्तर : पुतणीचं म्हणणं खरं आहे. मी तीस वर्षं सरकारी ओव्हरसियर होतो. दोन हात जाड भिंत, सागाच्या कड्या, तीन पिढ्या नांदलेलं घर. आणि मी फॉर्मवर खूण करायचो ‘कच्चे’ या रकान्यात. मे महिन्यात दुपारी चहाला मात्र त्याच घरात टेकायचो.

आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. गांधीजींच्या आग्रहानं चित्रकार नंदलाल बोस यांनी ते नगर बांबू आणि गावच्या कारागिरांच्या हातांनी उभं केलं. अध्यक्ष होते नेहरू. पुढे त्याच नेहरूंच्या काळात परदेशी वास्तुकार ल कॉर्ब्युझिएनं चंडीगड काँक्रीटमध्ये घडवलं. नव्या देशाला मागचं ओझं नको होतं. मला गांधी-नेहरू दोघांचंही पटतं, पण एक खटकतं : मातीच्या घराचं कौतुक करणाऱ्यांपैकी सारवायला किती जण बसले? सारवलं ते तुमच्या मायनं.

गांधीजींच्या मते घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, असं वास्तुकार लॉरी बेकर सांगायचे. सरकारचं वर्तुळ निराळं. विटांसाठी शेताची वरची माती खरवडली जाऊ नये म्हणून १९९९ साली औष्णिक वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत विटांमध्ये तिथल्या कोळशाच्या राखेचा वापर सक्तीचा झाला; २०१६ मध्ये ही हद्द ३०० किलोमीटर झाली. भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राच्या राखेच्या वर्तुळात अमळनेर येतंच. तेव्हा तुमच्या घरकुलाला राखाडी विटा मिळाल्या तर नाक मुरडू नका. तापीकाठची माती वाचते.

आता कामाचं. योजनेचं घर किमान २५ चौरस मीटरचं असतं. मागे खळ्यात जागा असेल तर ते तिथे बांधता येईल का, हे आधी ग्रामपंचायतीत विचारा. धाब्याच्या कड्या वाळवीसाठी ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर तेवढी कडी बदला. वर पावसाळ्याआधी खारी माती टाका, उतार पन्हाळ्याकडे ठेवा. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा अजिबात नको. आत ओल कोंडते आणि भिंत आतून सडते. मी स्वतःच्या काकाच्या घराला तो करून दिला होता. तिसऱ्या पावसाळ्यात पश्चिमेची भिंत बसली. काका दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही.

नव्या स्लॅबवर दर उन्हाळ्यात चुन्याचा पांढरा हात मारा. आणि माय कुठे झोपणार, ते तिला विचारूनच ठरवा.