शांत रस्ता नकाशावर कसा ओळखायचा

इंग्लंडमधल्या गावाकडच्या रस्त्यांवर सायकल चालवायची तर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशा संस्थेचा १:५०,००० नकाशा घ्या. पिवळे रस्ते निवडा, त्यातही बारीक पिवळे. ते ४ मीटरपेक्षा अरुंद असतात. हिरवे किंवा लाल 'ए' रस्ते, म्हणजे मोठे मुख्य रस्ते, फक्त ओलांडायचे. रस्त्यावर एक बाण म्हणजे १४ ते २० टक्के चढ, दोन म्हणजे त्याहून खडा. डेव्हन परगण्यात बाणच बाण, त्यामुळे सुरुवात सपाट नॉरफोकमधून केलेली बरी.

शेतांची झुडपी कुंपणं सप्टेंबरपासून छाटतात आणि रस्ताभर हॉथॉर्न या काटेरी झुडपाचे काटे पडतात. तेव्हा २८ किंवा ३२ मिमी रुंदीचे टायर आणि दोन जादा ट्यूब हव्यातच. पंक्चर झालं की टायर आतून चाचपा, सावकाश, बोटाला टोचतं. काटा तसाच राहिला तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते.