टाळूचा वास

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री पावणेतीनचा. मी पाचला चहा टाकताना वाचला. बाळ झोपलं तरी खाली ठेववत नाही, टाळूला नाक लावून बसून राहते, आणि सासूबाई म्हणतात, इतकं हुंगू नये, आईचीच दृष्ट लागते. वर विचारतेस, ‘मावशी, मला वेड लागलंय का?’

नाही लागलं. सासूबाईंना मीठमोहऱ्या ओवाळू देत, त्यांचं समाधान होईल. तू हुंगत राहा. एकतीस वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात काढलीत मी. बाळ छातीवर ठेवलं की बाई रडते, हसते, हातापायाची बोटं मोजते आणि मग कुणी न सांगता त्याच्या डोक्याला नाक लावते. अंगठा लावणारी असो की कॉलेजात शिकवणारी, यात फरक पाहिला नाही. सगळ्याच तसं करतात असं मात्र नाही. काहींना पहिले काही दिवस नुसतं थकल्यासारखं वाटतं, बाळ परकं वाटतं. त्या वाईट आया नसतात. पण दोन आठवडे उलटूनही रडू थांबत नसेल तर डॉक्टरांना सांगायचं. तुझी एखादी मैत्रीण अशी असेल तर तिला हे नक्की कळव.

तुझ्या या ‘वेडा’वर अभ्यासही झालाय. तीस बायकांना दोन दिवसांच्या बाळांच्या अंगाचा वास दिला आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूत काय चालतं ते यंत्रावर पाहिलं. २०१३ साली ते छापून आलं. निम्म्या नुकत्याच बाळंत झालेल्या होत्या, निम्म्यांना मूलच नव्हतं, आणि बाळं तर कुणाचीच स्वतःची नव्हती. तरी मेंदूतले सुखावणारे भाग दोन्हीकडे जागे झाले, बाळंतिणींमध्ये जास्त. परक्याच्या बाळाची ही कथा, मग तुझं काय होणार!

तिकडून तुझा लेकही तुझा वास घेतोय. १९७५ साली मॅकफार्लेन नावाच्या डॉक्टरांनी आयांनी छातीशी ठेवलेल्या, दुधानं भिजलेल्या कापडाच्या घड्या बाळांच्या दोन्ही गालांशी ठेवून पाहिल्या. एक त्याच्या आईची, एक दुसरीची. सहा दिवसांची बाळंसुद्धा आपल्या आईच्या घडीकडे जास्त वेळ तोंड वळवून राहिली. तेव्हा तो भेट आलेला सेंट सध्या कपाटात राहू दे.

पावडरही नको. डब्यातून उडालेली भुकटी थेट त्याच्या श्वासात जाते. राहिली धुरी. वावडिंग, ओवा, ऊद... त्या वासानं मला अजून आईच्या घरातली बाळंतिणीची खोली आठवते, त्यामुळे हे लिहिताना जिवावर येतंय. पण धूर बाळाच्या छातीला सोसत नाही. न्हाऊ घालणाऱ्या बाई रागावतील, रागावू देत.

एक माझ्या मनात सलतं तेही सांगते. बाळ जन्मतं तेव्हा अंगावर लोण्यासारखा पांढरा थर असतो. तो म्हणजे घाण, असंच आम्हाला वाटायचं. तासाभरात कोमट पाणी, साबण, घासून लख्ख, आणि मग पावडर लावून आईकडे. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते, पहिली अंघोळ निदान २४ तास नको, तो थर कातडीला जपतो. किती आयांच्या वाट्याचा तो पहिला वास मी या हातांनी मोरीत सोडला असेल!

तू लिहितेस, पहिल्या महिन्यात तो बेडकासारखा पाय पोटाशी घेऊन छातीवर झोपायचा, आता अडीच महिन्यांतच पाय लांब सोडतो, आणि बारशाचं झबलं गळ्यातून जाईना म्हणून तू रडलीस. मग एक न धुतलेलं झबलं पिशवीत बांधून ठेवलंस. ते मीही केलं होतं. आम्हाला रजा जेमतेम तीन महिने. तुला बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीमुळे सव्वीस आठवडे आहेत. रुजू झाले तेव्हा धाकटीचं झबलं पर्समध्ये असायचं. नाइट ड्यूटीला साडेतीनच्या सुमारास वॉर्ड शांत झाला की कपडे बदलायच्या खोलीत जाऊन पिशवीची गाठ सोडायची, एक श्वास घ्यायचा, घट्ट बांधायची. पुढे ती पिशवी ट्रंकेत गेली. धाकटी दहावीला असताना उघडली तर नुसता डांबरगोळ्यांचा वास. थोडी रडले. मग झबलं धुतलं, उन्हात वाळवलं आणि भावजयीच्या बाळाला दिलं. छान बसलं त्याला.

तो वास तिच्या डोक्यावरून नेमका कधी गेला, सांगता येत नाही मला. एवढं आठवतं, ती बालवाडीतून आली, मी सवयीनं डोकं हुंगलं, तर घाम, खोबरेल आणि मैदानातली माती. त्याआधीचं शेवटचं कधी हुंगलं होतं, आठवेना.

कामावर जाशील तेव्हा तुझी वापरलेली ओढणी न धुता ठेवून जा. आजीनं ती खांद्यावर घ्यायची आणि बाळाला तिथे निजवायचं. पाळण्यात त्याच्या तोंडाशी मात्र ठेवायची नाही, झोपेत नाकावर येते.

आणि हो, त्याच्या मानेच्या वळीत आंबूस वास येतो म्हणालीस, तो ओघळून साचलेल्या दुधाचा. मऊ कापड कोमट पाण्यात भिजवून वळी अलगद उघडून पूस, नंतर कोरडी कर, नाहीतर लाल होते. पुसायच्या आधी एकदा हुंगलंस तरी चालेल. मी हुंगायचे.

तुझी,
मावशी