नुसत्या पेजेवर ऑपरेशनला जायचं का?

प्रश्न : नमस्कार मॅडम, आम्ही देवगड तालुक्यातले. बाबांना (वय ५६) गालाच्या आतून कॅन्सर निघालाय, मुंबईला ऑपरेशन ठरतंय, नंतर रेडिएशन पण लागेल म्हणाले. तीन महिन्यांत वजन ६१ वरून ५३ वर आलं, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) ३.१ आहे. तिथले डॉक्टर बोलले आधी खाण्याकडे बघा. इकडे आत्या म्हणते मासे-अंडी उष्ण, साखरेने गाठ वाढते, म्हणून फक्त पेज चालू आहे. खाण्याने जगण्या-वाचण्यात खरंच फरक पडतो का? नाकातून पोटात अन्न द्यायच्या नळीला बाबा तयारच नाहीत.

उत्तर : पडतो, आणि बऱ्यापैकी पडतो. सगळ्यात मोठी गोष्ट आजाराची स्टेजच, मानेतल्या गाठींपर्यंत पोचलाय की नाही हे आधी बघतात, पण एकाच स्टेजच्या दोन पेशंटमध्ये ज्याचं वजन आधीच घसरलंय त्याला जखम भरायला वेळ लागतो, इन्फेक्शन होतं, रेडिएशन मध्येच थांबवावं लागतं, आणि तोंडाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनमध्ये खंड पडणं चांगलं नाही. बाबांचं वजन १३ टक्के उतरलंय. सहा महिन्यांत १० टक्क्यांवर गेलं तरी आम्ही गंभीर समजतो, इथे तर तीनच महिने झालेत.

अल्ब्युमिनचं मात्र नीट समजून घ्या. ३.५ च्या खाली असलं की धोका जास्त हे खरं, पण ते नुसतं उपाशी राहून कमी होत नाही, आजाराच्या सूजेनेही उतरतं, त्यामुळे आठ दिवस अंडी खाल्ली आणि रिपोर्ट तसाच आला तर हातपाय गाळू नका. त्यापेक्षा आरोग्य केंद्रातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करा.

आता पेज. मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम तांदळाच्या पेजेत शंभरेक कॅलरी आणि प्रोटीन जेमतेम २ ग्रॅम. बाबांना दिवसाला १५००-१६०० कॅलरी आणि ६५ ते ८० ग्रॅम प्रोटीन हवं. चार वाट्या पेज पिऊन माणूस पोट भरलं म्हणतो आणि आतून झिजत जातो! पेज बंद करा असं नाही म्हणत मी, पण तिच्यात तूप, नारळाचं घट्ट दूध, दूध पावडर घाला. कुळथाची पिठी पातळ करून द्या, नाचणीची आंबील दुधातली, अंडं हाफ फ्राय नको, नीट उकडून दुधात मिक्सरला फिरवा. मासा तर हवाच, सुरमई-पापलेटचे काटे काढून कालवणात कुस्करून, तिखट आणि कोकम अगदी कमी, तोंड आलं असेल तर झोंबतं. दर दोन तासांनी थोडं थोडं. साखर बंद केल्याने गाठ उपाशी मरत नाही, बाबाच मरतात उपाशी, हे आत्याला माझं नाव सांगून सांगा (डायबेटिस असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून).

एक सावधगिरी. पाच-सहा दिवस जवळजवळ काहीच गेलं नसेल तर एकदम भरपूर देऊ नका, रक्तातलं पोटॅशियम-फॉस्फेट खाली जाऊन हृदयावर ताण येतो, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवायचं. गिळताना ठसका लागत असेल तर तोंडाने देणं थांबवा आणि लगेच दाखवा.

नळीचं म्हणाल तर लोकांना वाटतं नळी लागली म्हणजे संपलं. उलट बऱ्याच जणांना ऑपरेशननंतर टाके भरेपर्यंत ती लागतेच, मग आत्ता अंगात ताकद यायला काही दिवस घातली तर बिघडलं काय? गरज असेल तर ऑपरेशनआधी ७ ते १४ दिवस असं पोषण देतात, पण ते सर्जनने ठरवायचं, तुम्ही वजन वाढवायचं म्हणून तारीख स्वतःहून पुढे ढकलू नका. बाबांना आधी नळी लावलेल्या एखाद्या पेशंटशी वॉर्डात बोलू द्या, आमच्यापेक्षा त्यांचं ऐकतात.

आणि तंबाखू, मिशरी बंद झाली का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. नसेल तर आजच.