घरी वेगळा, ऑफिसात वेगळा, मित्रांत वेगळा: मग खरा मी कोणता?

आपण विचारले आहे की घरी, कार्यालयात आणि जुन्या मित्रांत आपण तीन निरनिराळी माणसे असल्यासारखे वागता, लोक आपल्याला दुटप्पी म्हणतात, तेव्हा यातला खरा आपण कोणता आणि लोकांचे मत कसे बदलावे. हाच 'दुटप्पी' शब्द माझ्या थोरल्या भावाने मला 2003 साली ऐकवला होता. तेलुगूत भांडता भांडता तेवढा शब्द त्याने मुद्दाम मराठीतून उच्चारला, आणि तो अजून मागे घेतलेला नाही.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणारे विणकर. आमचे वडील, म्हणजे नायना, यंत्रमागावर चादरी विणत. ते सुताच्या पेढीवर कन्नड बोलत, जॉबरशी, म्हणजे मागावरच्या मुकादमाशी, दखनी, महापालिकेच्या खिडकीशी अडखळत मराठी, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांचा आवाज, हसणे, इतकेच काय पण उभे राहणेही बदलत असे. पेढीवर उधारी मागताना खांदे पाडणारा हा माणूस नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींच्या रथापुढे असा ताठ चाले की पोरांनी वाट सोडावी. त्यांना कोणी दुटप्पी म्हटल्याचे मला आठवत नाही.

मी नोकरीसाठी पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेऊन राहत होतो. घरमालकीणबाई माझ्या मराठीचे कौतुक करत आणि ते कौतुक टिकावे म्हणून मी घरच्या भाषेचा उल्लेख टाळत असे. एकदा नायना हुतात्मा एक्स्प्रेसने अचानक आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली चादर आणि हातात शेंगाचटणीची पिशवी. बाई जिन्यात उभ्या होत्या. नायनांनी तेलुगूत पाणी मागितले आणि मी मराठीत उत्तर दिले, "बाबा, माठ तिकडे आहे." आमच्या घरात 'बाबा' हा शब्द कोणी कधी वापरलेला नव्हता. नायनांनी मागे वळून पाहिले; मी कोणाला हाक मारली, हे पाहायला. मग काही न बोलता ते माठाकडे गेले. संध्याकाळच्या गाडीने परतले आणि घरी त्यांनी हे हसत हसत सांगितले, परंतु भाऊ हसला नाही.

यातला मूर्खपणा असा की बाईंना सर्व ठाऊक होते. माझी पत्रे जिन्यावरून त्याच आणून देत आणि पाकिटावर माझे तेलुगू आडनाव ठळक लिहिलेले असे. लोक आपल्याकडे आपण समजतो तितके पाहत नसतात, आणि पाहतात तेव्हा आपण झाकलेलेच नेमके पाहतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात झालेला एक प्रयोग मानसशास्त्रज्ञांनी 2000 साली प्रसिद्ध केला. त्यात लाजिरवाणे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत गेलेल्या विद्यार्थ्यांना वाटले की जवळजवळ निम्म्या जणांनी चित्र ओळखले. प्रत्यक्षात ओळखणारे पाव भागच निघाले. म्हणून लोकांचे मत बदलण्याच्या खटाटोपात आपण पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाऊ म्हणतो, "चादरीलाही उलट-सुलट असते, तुला तेही नाही." मागावर वाढलेल्या माणसाने असे म्हणावे याचे नवल वाटते, कारण आपल्या जेकार्ड चादरीला उलट बाजू नसतेच. एका अंगावर मरून रंगाच्या जमिनीवर पांढरी वेल असेल, तर दुसऱ्या अंगावर पांढऱ्या जमिनीवर मरून रंगाची वेल येते, आणि दोन्ही अंगे एकाच मागावर एकाच वेळी विणली जातात. गिऱ्हाईक वरचे अंग कोणते ते अंथरताना ठरवते. खरा मी कोणता, हे विचारणाऱ्याला मी इतकेच सांगेन. आणि हे भावालाही शंभरदा सांगितले आहे.

अर्थात, नायनांनी भाषा बदलल्या तरी आम्हाला कधी परक्या नावाने हाक मारली नाही, एवढा फरक मला मान्य करावा लागतो. तीन ठिकाणी तीन प्रकारे वागताना आपणही कोणाला असे मागे वळून पाहायला लावले आहे का, तेवढे तपासा; बाकीचे वागणे तसेच राहू द्या. माझ्या भावाला हा फरक पुरेसा वाटत नाही. आजही माझा फोन गेला की तो तेलुगूत न बोलता शुद्ध मराठीत विचारतो, "बोला साहेब, आपण कोण?"